खडकवस्तीवरचा तलाव

खडकवस्ती,
दि. २९ ऑक्टोबर २०२३

चि. कानिफनाथ यास रामहरी मामाचे अनेक आशीर्वाद.

सहा किलोमीटरवरून पत्र पाठवतोय म्हणून हसू नकोस. फोन केला की तू "मामा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" म्हणतोस, आणि तुझं ते 'नंतर' अजून उगवलेलं नाही. मी अडतीस वर्षं या भागात टपाल वाटलं. कागद हातात पडला की माणूस निदान उघडून तरी बघतो, एवढा अनुभव आहे.

तुझी बदली आपल्याच जिल्ह्यात झाली, आणि तीही शहराचा विकास आराखडा करायला, हे कळल्यावर वस्तीत सगळ्यांना बरं वाटलं. शेजारची कडूबाई, जिच्या ओसरीवर तू लहानाचा मोठा झालास, ती दिसेल त्याला सांगत सुटली आहे की आपलं पोरगं आता समद्या शहराचा नकाशा काढणार. तुझी आई असती तर तिला काय वाटलं असतं ते मी लिहीत नाही, तुला कळतं.

दोन वर्षांपूर्वी हद्दवाढ झाली आणि आपली वस्ती शहरात गेली. म्हणजे घरपट्टी आली. नळ आला नाही. रस्ता येणार येणार म्हणतात. खालच्या रानात जिकडेतिकडे प्लॉटिंगच्या पाट्या लागल्यात, आणि त्यांवर अशी चित्रं आहेत की इथे स्वित्झर्लंडच उतरलंय. तुझ्याकडे माझं मागणं एकच आहे. त्या नकाशात आपली वस्ती राहती वस्ती म्हणून दाखव. त्रेचाळीस घरं आहेत. कागदावर एकदा माणसं राहतात असं आलं की मग कुणी येऊन आम्हाला उठा म्हणणार नाही.

दसरा झाला, टोळ्या ऊसतोडीला हलल्या. आमची सविता आणि जावई सुनील यंदाही श्रीगोंद्याच्या बाजूला गेलेत. नेहमीप्रमाणे घरांवरचे पत्रे उतरवून बरोबर नेले. तिकडे कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, टाकायला होतात, आणि इथे ठेवले तर चोर सोडत नाहीत. मागे राहिलो आम्ही अकरा म्हातारी माणसं आणि नुसत्या भिंती. तू लहानपणी म्हणायचास, घरांनी टोप्या काढल्या. या पत्राला उत्तर दे.

तुझा,
रामहरी मामा

---

विकास आराखडा कार्यालय,
दि. ९ डिसेंबर २०२३

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

हसलो नाही, ओशाळलो. इथे सकाळी नऊला खुर्चीत बसलो की संध्याकाळ कधी झाली ते कळत नाही. शहर दहा-पंधरा वर्षांत जवळजवळ दुप्पट झालंय आणि ते कुणी ठरवून वाढवलेलं नाही. ज्याला जिथे रान मिळालं तिथे त्याने प्लॉट पाडले. ओढे बुजवून बंगले झाले, विहिरी बुजवून पार्किंग झालं. मग पावसाळ्यात चौकात कमरेएवढं पाणी, आणि मार्च लागला की टँकर. पुण्यात नोकरीला असताना मी सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरताना डोळ्यांनी पाहिलंय. माणसं गाड्यांच्या टपांवर उभी होती. आपल्या शहरावर ती पाळी येऊ द्यायची नाही, असं मनाशी ठरवून मी ही बदली मागून घेतली.

पावसाचं पाणी थांबायला तलाव, मुरायला मोकळ्या जागा, ओढ्यांच्या दोन्ही अंगांना बांधकामाशिवायचा काठ, एवढं तरी आराखड्यात आलंच पाहिजे. आत्ता आलं नाही तर पुढच्या वीस वर्षांत कुणाला आणता येणार नाही. त्यासाठी तुमची मदत हवी आहे. जुने नकाशे आमच्याकडे आहेत, पण पाणी कुठे साचतं ते त्यांत नाही. तुम्ही हा सगळा भाग भर पावसात सायकलवरून पालथा घातलाय. सायकल खांद्यावर घ्यावी लागायची अशा जागा मला लिहून पाठवा.

जानेवारीत एका खासगी एजन्सीची माणसं पाहणीला येतील. वरून ड्रोनने फोटो काढतील आणि खाली मुलं टॅब घेऊन घरोघर माहिती विचारतील. वस्तीची काळजी सोडा, मी आहे. एकच विनंती. आपण नातेवाईक आहोत, माझं घर हद्दीतच आहे, हे इथे कुणाला बोलू नका. लोक लगेच पक्षपात म्हणतात. ऑफिसात मी फक्त 'नगर जिल्ह्यातला' एवढंच सांगितलंय.

आपला,
कानिफनाथ

---

खडकवस्ती,
दि. २१ जानेवारी २०२४

चि. कानिफनाथ यास अनेक आशीर्वाद.

सायकल खांद्यावर घ्यायच्या जागा पाच. चार जागांची खूण सोबतच्या कागदावर काढली आहे. पाचवी सगळ्यांत मोठी, म्हणून इथे लिहितो. वस्तीच्या खाली राधाकृष्ण शेठची डाळिंबाची बाग आहे, ती पंधरा एकर. भोवतालचं सगळं पाणी तिथे येऊन बसतं. एका वर्षी त्या बागेत पाणी माझ्या छातीला लागलं होतं आणि मी टपालाची थैली डोक्यावर घेऊन गेलो होतो. तिथे डाळिंबं मुळ्या कुजून मेली, ती उगाच नाही. आता शेठ झाडं उपटून प्लॉट पाडतोय म्हणतात. तुला तलाव करायचा असेल तर देवाने जागा करून ठेवली आहे. आपली वस्ती मात्र नुसता खडक. कुदळ मारली तर ठिणगी निघते, पाणी निघत नाही.

तुझी पाहणीवाली मुलं येऊन गेली, आणि नेमका मी त्या दिवशी बेलापूरला लग्नाला. बाकीची म्हातारी माणसंही कामाला बाहेर, वस्तीत उत्तर द्यायला एकटी कडूबाई. ती बोरं वाळत घालून बसली होती. डोक्यावर ते यंत्र घोंगावायला लागलं तेव्हा तिने आधी बोरं झाकली. मग मुलांनी विचारलं, आजी, इथे किती कुटुंबं राहतात. कडूबाई म्हणाली, "आता हितं कोन ऱ्हातंय? समदी फडावर गेलीत." मुलांनी टॅबवर काहीतरी दाबलं आणि गाडीला किक मारली. मी आल्यावर तिला विचारलं, असं का सांगितलंस, तर म्हणते, खरं तेच सांगितलं. तिला काय बोलणार. वस्तीत जो आज हजर तोच राहतो, आणि गेलेला परत आला की तोही राहतो, ही आपली रीत. ती टॅबवर कुठून असणार.

पोरांची चूक तू दुरुस्त कर. त्यांना ठाऊक नाही, तुला सांगायची गरज नाही.

तुझा,
रामहरी मामा

---

विकास आराखडा कार्यालय,
दि. ३ मार्च २०२४

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

घाईत लिहितोय. पाण्याची माहिती सोन्यासारखी निघाली. आम्ही मोजमाप करून पाहिलं, पाचही जागा बरोबर. डाळिंबाच्या बागेच्या जागी मी तलाव आणि भोवती उद्यान आखलं आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, मी मात्र तुमचं नाव घेऊ शकलो नाही. वस्तीच्या नोंदीचं बघतो. काळजी नसावी.

आपला,
कानिफनाथ

---

खडकवस्ती,
दि. १६ जून २०२४

चि. कानिफनाथ यास अनेक आशीर्वाद.

'बघतो' हा शब्द सरकारी माणसाने लिहिला की मला त्याचा अर्थ कळतो. आम्हीही टपाल खात्यात तोच वापरायचो, आणि कधीच बघायचो नाही. म्हणून हे पत्र रजिस्टर करून पाठवतोय. सोबत यादी आहे. त्रेचाळीस घरं, घरवार माणसं, लहान पोरं वेगळी, प्रत्येकाच्या लाइट बिलाची झेरॉक्स. सविताने तीन दिवस घरोघर फिरून अक्षर लावून लिहिली आहे. सातवीपर्यंत शिकली पण अक्षर माझ्यापेक्षा बरं.

माणसं मेमध्ये परत आली, घरांवर पत्रे चढले, वस्ती पुन्हा वस्तीसारखी दिसते. तू तेवढा आला नाहीस. सहा किलोमीटर आहे, पाथर्डीची एस.टी. फाट्यावर थांबते, विसरला असशील म्हणून लिहितो.

सविताचं एक ठरलंय. यंदा दिवाळीच्या आत घरावर स्लॅब टाकायचा. दरवर्षी पत्रे उतरवायचे आणि चढवायचे याला ती कंटाळली. तिची सात वर्षांची दिशा मागे लागली आहे की आपल्या घराला गच्ची पाहिजे. वाळू येऊन पडली आहे. तिचं बघून आणखी सहा घरांनी स्लॅबचं मनावर घेतलंय. बाकी सगळं ठीक. यादी पोचली की कळव.

तुझा,
रामहरी मामा

---

विकास आराखडा कार्यालय,
दि. २२ ऑगस्ट २०२४

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

यादी पोचली. उशीर झाला, रागावू नका. आराखडा आता अशा टप्प्यावर आहे की मला त्याबद्दल कुणाशीच बोलता येत नाही. जाहीर होईपर्यंत गोपनीय असतो. आपल्या मनातलं सगळंच कागदावर उतरतं असं नाही. हरित क्षेत्राचं प्रमाण गाठावं लागतं, ज्यांनी आधीच परवानग्या घेऊन ठेवल्यात त्यांचंही बघावं लागतं. शहराचं हित मोठं धरावं लागतं.

सविताताईला माझा एवढाच निरोप सांगा. यंदा स्लॅब टाकू नये. वर्षभर थांबावं. बाकीच्या सहा घरांनाही तेच सांगा. कारण विचारू नका.

आपला,
कानिफनाथ

---

खडकवस्ती,
दि. ८ ऑक्टोबर २०२४

चि. कानिफनाथ यास अनेक अनेक आशीर्वाद.

कारण विचारू नका म्हणालास, विचारलं नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तेवढं कळतं. सरकारी घरकुलं येणार आहेत ना? पक्कं घर असलेल्याचं नाव घरकुलाच्या यादीतून कटतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच तू थांबा म्हणालास. तोंडाने सांगता येत नव्हतं तरी आपल्या माणसांना खूण केलीस.

मी मारुतीच्या पारावर सगळ्यांना बसवून तुझं पत्र वाचून दाखवलं. सहाही घरं थांबली. सविताने वाळू शाळेच्या ओट्याला देऊन टाकली. दिशा रुसली होती, तिला म्हटलं, तुझ्या कानिफमामाने मोठी गच्ची आणायची ठरवली आहे, तेव्हा ती हसली. दसरा झाला की टोळ्या जायच्या आहेत, म्हणून काल तुझ्या नावाने शिरा केला. पत्रे उतरवताना या वेळी कुणी कुरकुर केली नाही. शेवटची खेप म्हणून उतरवले.

माझा काही गैरसमज होत असेल तर एका ओळीने कळव. माणसं जायच्या आत मी त्यांना खरं सांगेन. उत्तर आलं नाही तर मी समजतो तेच खरं असं धरून चालतो.

तुझा,
रामहरी मामा

---

खडकवस्ती,
दि. ३ जानेवारी २०२५

कानिफनाथ,

तुझी एक ओळ आली नाही.

काल दाढी करायला सलूनात गेलो होतो. तिथे जुने पेपर पडलेले असतात. नऊ डिसेंबरच्या पेपरात आतल्या पानावर, हरवलेल्या सर्टिफिकेटांच्या जाहिरातीशेजारी, आराखडा प्रसिद्ध झाल्याची सूचना होती. हरकती घ्यायला तीस दिवस. त्यातले पंचवीस गेलेले. अर्धी दाढी तशीच ठेवून मी तुझ्या ऑफिसात आलो.

दुसऱ्या मजल्यावर भिंतभर नकाशा लावलाय. चांगला काढला आहे. आधी ओढ्याचं वळण शोधलं, मग शाळा, मग वर सरकत वस्तीवर बोट ठेवलं. बोट हिरव्यावर होतं. शिपाई भला माणूस, त्याने बाजूचं वाचून दाखवलं. उद्यान आणि पावसाळी पाण्याचा तलाव. म्हटलं, आणि हे खालचं पिवळं काय? ते राहण्यासाठी. म्हणजे राधाकृष्ण शेठची बाग. छातीएवढ्या पाण्यात बंगले, आणि खडकाच्या डोक्यावर तलाव. पाणी चढावर चढतं हे तुला कुठल्या कॉलेजात शिकवलं, ते एकदा सांग. चोर सोडून संन्याशाला फाशी असं ऐकलं होतं, तुझ्या नकाशात तिचं चित्र बघितलं.

तुला भेटायचं म्हटलं तर साहेब साइटवर गेलेत म्हणाले. आमच्या साइटवर तर तू आलेला नाहीस, मग कुठल्या साइटवर असतोस?

आज अकरा म्हाताऱ्यांच्या सह्या आणि अंगठे घेऊन मी एक हरकत दाखल केली. बाकीची सगळी माणसं फडात आहेत आणि मुदत मंगळवारी संपते. हे तीस दिवस नेमके कुणी ठरवले, असा प्रश्न मला पडलाय. पण तो नंतर. आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. ऑगस्टात तू थांबा म्हणालास तेव्हा तुला हे माहीत होतं का? हो किंवा नाही.

रामहरी

---

दि. १९ जानेवारी २०२५

ती. मामा,

हो.

आता सगळं लिहितो. ऑफिसच्या कागदावर लिहीत नाही.

तलाव मी बागेतच आखला होता. एप्रिलमध्ये वरून सांगणं आलं की तिथल्या प्लॉटिंगला जुनी परवानगी आहे, ती जागा सोडा. मी भांडलो, मामा, खरंच भांडलो. तेव्हा साहेब म्हणाले, ठीक आहे, तलाव पाहिजे ना तुला, मग दुसरी मोकळी जागा दाखव, नाहीतर तलाव रद्द. टेबलावर ड्रोनचे फोटो पसरले होते. एकाने आपल्या वस्तीच्या फोटोवर पेन ठेवलं. छप्पर नसलेल्या भिंती, माणूस नाही, खाली टॅबवरची नोंद: पडकी बांधकामं, कोणी राहत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला एका नजरेत कळलं होतं. आमच्या घराची भिंतसुद्धा दिसत होती. तोंड उघडलं असतं तर आधी विचारलं असतं, तुला कसं माहीत. मग कळलं असतं की माझं घर हद्दीत आहे आणि ते मी इतके महिने लपवलंय. चौकशी झाली असती. आणि खोटं कशाला बोलू, आणखी एक गोष्ट होती. त्या टेबलाभोवती कुणाला माहीत नाही की मी ऊसतोड्यांचा मुलगा आहे. मी गप्प बसलो. एवढंच केलं. तलाव वाचला याचं त्या दिवशी बरंही वाटलं, हेही सांगून टाकतो. म्हटलं, हिरवं काहीतरी तरी राहिलं.

तुमची यादी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आवक नोंदीत चढवली असती तर माझं नातं उघडं पडलं असतं. स्लॅबचं म्हणाल तर ताईचं बांधकाम वाया जाऊ नये म्हणून तो निरोप दिला. तुम्ही त्याचा अर्थ घरकुल काढलात ते ऑक्टोबरात वाचलं आणि मी तीनदा उत्तर लिहायला बसलो. तीनदा फाडलं. सूचनेची तारीख मीच टिपणात सुचवली होती. निवडणुकीची आचारसंहिता संपली होती, वर्ष संपायच्या आत टप्पा पुरा करायचा होता. डिसेंबरात वस्ती रिकामी असते हे मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही.

तुमची हरकत मुदतीत आली आहे. ११ मार्चला सुनावणी आहे. समितीसमोर कार्यालयाच्या बाजूने मीच उभा असेन, आणि जागेची माहिती मलाच विचारतात. त्या वेळी मी खरं सांगेन. यादीही घेऊन येईन. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

कानिफनाथ

---

खडकवस्ती,
दि. २ फेब्रुवारी २०२५

कानिफनाथ यास,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कुणाच्या नावाने मारू? तुझ्यावर राग आहे आणि तो जाणार नाही, खोटं कशाला लिहू. मी पारावर उभा राहून तुझ्या नावाने माणसांना थांबवलं. ती माणसं एप्रिलात परत येतील आणि मला विचारतील, त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडाने बसू?

पण शेवटचा परिच्छेद लिहिलास, म्हणून मी हे लिहितोय. आमच्या बाजूने अकरा म्हाताऱ्यांचा शब्द आहे, आणि आम्हाला पडक्या भिंतींत घुसलेली माणसं म्हणून ते हाकलून देतील. तुझा एक शब्द त्रेचाळीस घरांना पुरेसा आहे. तो बोल. नोकरीचं काही बरंवाईट झालं तर उपाशी राहणार नाहीस, तेवढं वस्तीला अजून जमतं. सविताला मी फडावर निरोप पाठवला आहे, खाडा करून ती येणार आहे. तिला तू स्लॅबचं असं का केलंस ते मी सांगितलं. ती एवढंच म्हणाली की सुनावणी झाली की त्याला घरी जेवायला आणू.

रामहरी मामा

---

खडकवस्ती,
दि. १४ मार्च २०२५

प्रति,
मा. सहायक नगररचनाकार यांस,
अर्जदार रामहरी गर्जे याचा नमस्कार.

आपण त्या दिवशी हजर होतात, तेव्हा काय झालं ते सांगायची गरज नाही. तरी लिहितो. आपल्याकडच्या नोंदी कशा होतात ते आता मला माहीत आहे, म्हणून एक नोंद माझ्याकडे असू द्यावी.

समितीसमोर आमचा नंबर दुपारी दोनला लागला. मी, कडूबाई आणि सविता. सविता पहाटे फडावरून निघाली होती, तिच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे ताजे होते. आपण पलीकडे खुर्चीत बसला होतात. पुढ्यात फाइल होती, हातात पेन होतं. यादी दिसली नाही. म्हटलं, फाइलमध्ये असेल.

मी सांगितलं की तिथे त्रेचाळीस घरं राहतात, सहा महिने ऊसतोडीला जातात, पत्रे बरोबर नेतात. मधले साहेब सज्जन वाटले. त्यांनी फोटो पुन्हा मागवून घेतला, चष्मा लावून पाहिला. मग ते आपल्याकडे वळले आणि म्हणाले, "तुम्ही याच जिल्ह्यातले ना? ही जागा तुम्हाला माहीत आहे का?"

आपण म्हणालात, "फोटोवरून माहीत आहे, सर."

साहेबांनी आणखी एकदा संधी दिली. वस्तीबाबत काही यादी, काही पत्र दप्तरी आलं आहे का, असं त्यांनी विचारलं. आपण म्हणालात, आवक नोंदीत तसं काही दिसत नाही. ते खरंच आहे. खोटं आपण एक अक्षर बोलला नाहीत, हे मी मान्य करतो. एवढं शिक्षण त्यासाठीच घेतलं असेल.

त्या वेळी मी उठणार होतो. एक वाक्य माझ्या ओठावर होतं, की हा माझ्या बहिणीचा मुलगा आहे आणि फोटोतल्या उजव्या हाताच्या तिसऱ्या घरात जन्मला आहे. सविताने माझा दंड धरला. हळूच म्हणाली, "थांबा आण्णा, त्यो बोलंल." मी थांबलो. कडूबाईला कानाने कमी ऐकू येतं, ती आपल्याकडे बघून सारखी हसत होती. तिला वाटलं आपलं काम झालं. तेवढ्यात पुढच्या अर्जदाराचं नाव पुकारलं.

काल निकालाची प्रत आली. जागेवर वस्ती असल्याचं कार्यालयाच्या नोंदींवरून दिसून येत नाही, हरकत अमान्य. खाली शहराच्या शाश्वत विकासाबद्दल दोन ओळी आहेत. भाषा ओळखीची वाटली. पहिल्या पत्रात आपण ती फार चांगली लिहिली होती, आणि तेव्हा मी तिच्यावर विश्वास ठेवला. तलाव हवा, ओढे मोकळे हवेत, हे मला आजही पटतं. पुढच्या पावसाळ्यात शेठच्या बंगल्यांत पाणी भरेल तेव्हा तिथली माणसंही काही पापी नसतील, त्यांनीही नकाशा बघूनच घरं घेतली असतील.

मी वर मुंबईला अर्ज करणार आहे. त्यात सगळं लिहिणार आहे, आपलं नातं, आपल्या ड्रॉवरसकट. आपली पत्रं जोडणार आहे. आपल्याला आधी कळवतो, कारण मागून काही करायची आपल्याकडे पद्धत नाही. त्याचा उपयोग होईल असं मला फारसं वाटत नाही. वरातीमागून घोडं असा हा प्रकार आहे. पण यंदाच्या दसऱ्याला वस्ती तोडीला जाणार नाही, असं मी सगळ्यांच्या वतीने ठरवून टाकलंय. ते खातील काय, हे मला अजून सुचलेलं नाही. एप्रिलात माणसं आली की त्यांना हे सांगायचं आहे, आणि त्याआधी हेही सांगायचं आहे की मी त्यांना कुणाच्या शब्दावर थांबवलं होतं.

एक काम आपल्याकडे आहे. सुनावणी झाल्यावर सविताला परत जायची घाई होती. मी तिला बसस्टँडवर पोचवायला गेलो. गाडी लागल्यावर पायरीवर पाय ठेवून तिने मला विचारलं, "आण्णा, त्यो वस्ती वळखीत न्हाई म्हनला, का आपल्याला?"

गाडी सुटली. उत्तर आपल्याला देता येत असेल तर तिला परस्पर कळवा. कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून तीन आठवडे आहेत, तोवर ती तिथेच आहे. पत्ता देतो.

सौ. सविता सुनील बडे, ऊसतोड कामगार, साखर कारखान्यामागचा तळ, कोपी नंबर सतरा, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर.

कोपी असली तरी त्या पत्त्यावर टपाल पोचतं. मी पोस्टात विचारून खात्री करून घेतली आहे.

अर्जदार,
रामहरी गर्जे